बंद पडलेले रेल्वेमार्ग, जुन्या खाणी आणि एक जिप्सी: कुठे जाता येईल?

रानवाट
मंडळी, किल्ले, लेणी आणि घाटवाटांवर इथे भरपूर धागे आहेत. मला हवी असलेली माहिती थोडी आडवळणाची आहे. बंद पडलेली रेल्वे आणि ओस पडलेल्या खाणी बघायचं मला जुनं वेड आहे. यंदा डिसेंबरच्या शेवटी पुण्याहून दोन गाड्या काढायचा बेत आहे, एक जिप्सी आणि एक थार, दोन्ही फोर बाय फोर. आधी बार्शी लाईट रेल्वेचा जुना मार्ग, तिथून वऱ्हाडात शकुंतला नावाची बंद रेल्वे, आणि शेवटी नागपूरच्या पुढे मँगनीजच्या खाणी.

विचारायचं असं की, रूळ उचललेल्या भरावावरून गाडी नेता येते का? जुन्या खाणीत कितपत आत जाता येतं? परवानगी लागत असेल तर ती देतं कोण? अमेरिकेत लोक असल्या वाटांवर बिनधास्त जीप घालतात. ते व्हिडिओ बघून बघून हात शिवशिवताहेत.

चहाबाज
वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे).

टवाळपंत
ऑफरोडिंगसाठी इतक्या लांब कशाला? आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता या पावसाळ्यात ओस पडलेली खाणच झाला आहे. परवानगी लागत नाही, पार्किंग फुकट.

नॅरोगेज
आवडीचा विषय निघाला, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

बार्शी लाईट म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज, दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभी केली. पहिला तुकडा १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी असा सुरू झाला. पुढे एका अंगाने लातूर आणि दुसऱ्या अंगाने पंढरपूर करत १९२७ मध्ये गाडी मिरजेला पोहोचली. एकूण सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. कॅलथ्रॉपचं डोकं असं की इंजिनापासून मालडब्यापर्यंत चाकांच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. त्यामुळे रूळ हलके, पूल हलके आणि सगळा खर्चच कमी. याच गृहस्थाने पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूटही तयार केलं होतं, 'गार्डियन एंजल' नावाचं. असो.

रानवाट, तुमच्या कामाची गोष्ट आता. बार्शी लाईटचा बहुतेक मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा झाला आहे. त्यामुळे 'जुना मार्ग' म्हणून जे शोधाल, त्याच्या मोठ्या भागावरून आज पूर्ण आकाराची गाडी धावते. जुना भराव सुटा मिळेल तो फक्त मार्ग बदलला तिथे. असा सगळ्यात मोठा बदल धाराशिवजवळ आहे. नॅरोगेज धाराशिव शहराला शिवतच नव्हती. ब्रॉडगेज करताना शहर जोडायचं म्हणून लाईन वळवली आणि मधला जुना तुकडा मागे राहिला.

बार्शीकर
नॅरोगेज यांना अनुमोदन. येडशीकडच्या घाटातलं जुन्या लाईनचं काम अजून बघण्यासारखं आहे. घडीव दगडांच्या मोऱ्या जशाच्या तशा उभ्या आहेत. पण गाडी घालायचं डोक्यातून काढा. येडशी रामलिंग हे अभयारण्य आहे. गाडी देवळाच्या वाहनतळावर लावायची आणि चालायचं. रामलिंगाचं देऊळ खाली ओढ्याकाठी आहे, जटायू रावणाशी लढला तो इथेच असं आमच्याकडे मानतात. माकडांपासून पिशव्या सांभाळा.

बार्शी लाईटचा वेग किती होता हे नव्या पोरांना सांगून पटत नाही. पुढच्या डब्यातून उतरून शेतातला हुरडा काढायचा आणि मागच्या डब्यात चढायचं, हा विनोद आमच्याकडे इतिहास म्हणून सांगतात. आषाढीला मात्र टपावरसुद्धा जागा नसायची.

रानवाट
वा, ही माहिती कुठेच मिळाली नव्हती. म्हणजे बार्शीचा भाग पायीच. मग शकुंतला? ती तर अख्खी बंद आहे ना?

वऱ्हाडी_ठेचा
रानवाट भौ, वऱ्हाडात या, पयले जेवा, मंग बोलू. पन शकुंतला 'ओस पडली' असं अचलपूरच्या मानसासमोर बोलजा नोको. आमच्या इकडचे लोक आजबी थे गाडी सुरू करा म्हनून आंदोलनं करतेत, निवेदनं देतेत. अन् तुमी तिच्यावर जिप्सी घालाले निंगाले!

रूळ आहेतच ना अजून जागेवर. बाभळी वाढल्या त्यायच्या मधात. टायरात काटे घुसले का दारव्ह्यापर्यंत पंक्चरच काढत बसा मंग.

नॅरोगेज
ठेचाभाऊ म्हणतात ते खरं आहे. शकुंतलेची गंमत नीट सांगतो, कारण बंद रेल्वे म्हणजे बेवारस जागा ही समजूत इथे साफ फसते.

ही लाईन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातला कापूस उचलण्यासाठी टाकली. कापूस मूर्तिजापूरला यायचा, तिथून मोठ्या लाईनीवरून मुंबई बंदर आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्या. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, तिचा कारभार किलिक निक्सनकडे. सगळ्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही लाईन त्यातून सुटली, आणि स्वतंत्र भारतात रेल्वे खातं एका खासगी कंपनीच्या रुळांवरून गाडी चालवत राहिलं. मूर्तिजापूर ते यवतमाळ साधारण ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ च्या आसपास. १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत या लाईनीवर राबत होतं, त्यानंतर डिझेल आलं. शेवटी शेवटी कर्मचारी इतके कमी की फाटकाजवळ गाडी थांबवायची, खाली उतरून फाटक लावायचं, गाडी पुढे काढायची आणि परत फाटक उघडायचं. तिकीटही फाटक लावणाराच द्यायचा.

सांगायचा मुद्दा, मालकी कुणाचीही असो, रुळांवर आणि रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना घुसणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडी धावत नाही ही सबब चालत नाही.

पण शकुंतला बघता येत नाही असं अजिबात नाही. कारंजा, दारव्हा मोतीबाग, लाडखेड, तिकडे दर्यापूरचं बनोसा, अंजनगाव, पथ्रोट ही स्टेशनं गावांच्या रस्त्यांना लागूनच आहेत. रस्त्याने जा, गाडी बाहेर लावा, गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या आणि फलाटावर उभे राहा. रुळांवर जिप्सी चढवून याच्यापेक्षा वेगळं काय दिसणार?

टवाळपंत
हजार रुपये दंड? पुण्यात विनाहेल्मेट पकडलं तरी तेवढेच जातात. चला रे.

अबोली
टवाळपंत, विनोद कळला. पण मला या धाग्याचं एकूण वळण आवडत नाहीये. 'हात शिवशिवताहेत' म्हणून चार टायर कुठेही घालायचे? शंभर वर्षं जुन्या मोरीवर दोन टनांची गाडी चढवली आणि कमान खचली तर पुन्हा बांधणार कोण? कास पठारावर गाड्या घालून फुलं चिरडणारी मंडळी आपण पाहिली आहेत. ज्याला जुन्या गोष्टींचं प्रेम आहे त्याने पायी जावं. जीप कशाला मध्ये हवी?

डिझेलमामा
अबोलीताई, सगळे ऑफरोडवाले एका माळेचे मणी नसतात. आमचा गट दर पावसाळ्यानंतर शेतकऱ्यांच्या चिखलात रुतलेल्या ट्रॉल्या काढून देतो, त्याचे व्हिडिओ कोणी बघत नाही.

तांत्रिक उत्तर देतो. रेल्वेच्या भरावासाठी फोर बाय फोर लागतच नाही. रेल्वेचा चढ मुळातच नरम असतो. बोरघाटात पहिल्या लाईनीचा चढ सदतिसात एक होता, आणि तोही तेव्हा फार कडक समजत. सदतिसात एक म्हणजे तीन टक्केसुद्धा नाही, आपली स्कूटी गाणं म्हणत चढते. खरा प्रश्न येतो पूल गेलेला असेल तिथे. भराव सोडून नाल्यात उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं, तिथे लो गिअर हवा. दुसरं म्हणजे खडी. रुळांखालची खडी धारदार असते आणि टायरची बाजूची भिंत फाडते. भिंत फाटली की पंक्चरवालाही हात टेकतो. नुसत्या गर्डरच्या पुलावर तर मध्ये पोकळीच असते, त्यावर माणसानेही जाऊ नये.

आणि वऱ्हाडातली काळी माती! डिसेंबरात एक अवकाळी सर आली की थार काय आणि रणगाडा काय, टायरावर चार इंच गोळा चढतो आणि गाडी जागेवर फिरत बसते. तिथे एकच यंत्र चालतं, ट्रॅक्टर.

गावठी_मेकॅनिक
जिप्सी चांगली. थार म्हणजे इन्स्टाग्रामची गाडी. आमच्या तालुक्यात जिथे बोलेरो रोज दूध घेऊन जाते तिथे पुण्याची थार येते आणि बोलेरोच तिला ओढून काढते.

थारप्रेमी_९
सुरू झाले. धागा हायजॅक करू नका. थारला लॉकिंग डिफरन्शियल आहे, एक चाक घसरलं तरी दुसरं ओढतं. बोलेरोला आहे का?

गावठी_मेकॅनिक
बोलेरोला गरज पडत नाही.

डेन्व्हरकर
रानवाट यांनी अमेरिकेचा उल्लेख केला म्हणून लिहितो. मी कोलोरॅडोत राहतो आणि उन्हाळ्यात हेच करतो. इथे ते का जमतं हे सांगितलं तर तुलना नीट होईल.

माझी आवडती वाट म्हणजे रॉलिन्स पास. डेन्व्हरहून पश्चिमेला रॉकी पर्वत ओलांडण्यासाठी १९०४ च्या सुमारास तिथून रेल्वे नेली, ११,६७७ फुटांवरून. माथ्यावर कोरोना नावाचं स्टेशन. हिवाळ्यात बर्फ इतकं की गाड्या अनेक दिवस अडकून पडायच्या. १९२८ मध्ये डोंगराखालून दहा किलोमीटरचा मोफॅट बोगदा झाला आणि वरचा मार्ग निकामी ठरला. १९३६ मध्ये रूळ उचलले. नंतर त्याच भरावाचा मोटाररस्ता केला आणि १९५६ मध्ये लोकांसाठी उघडला. म्हणजे 'बंद रेल्वेवर जीप' हे इथे चोरीछुपे चालत नाही. तो सरकारने जाहीर केलेला रस्ता आहे. जंगलखात्याचे नकाशे मिळतात, कुठल्या वाटेवर कुठलं वाहन आणि कोणत्या महिन्यात हे त्यावर छापलेलं असतं. नकाशात वाट नसेल तर जायचं नाही.

आणि एवढं असूनही त्या रस्त्यावर नीडल्स आय नावाचा एक छोटा बोगदा आहे, तो बंद आहे. १९७९ मध्ये दरड पडली, दुरुस्त करून १९८८ मध्ये उघडला, १९९० मध्ये पुन्हा छताचे दगड पडून एक माणूस जबर जखमी झाला. तेव्हापासून कायमचा बंद. त्यामुळे आजही गाडीने या बाजूने चढून त्या बाजूने उतरता येत नाही. पश्चिमेकडून विंटर पार्कहून माथ्यापर्यंत जायचं आणि आल्या वाटेने परत.

डिझेलमामा चढाबद्दल म्हणाले ते पटलं. इथला कडक चढही चार टक्क्यांचाच. गाडीची परीक्षा होते ती आजूबाजूच्या खाणरस्त्यांवर. खाणवाल्यांना खेचरं आणि मालगाडे वर न्यायचे होते, त्यामुळे त्यांचे रस्ते रेल्वेपेक्षा कितीतरी उभे आहेत.

रानवाट
खाणींत आत जाता का तुम्ही?

डेन्व्हरकर
नाही. एकदाही नाही. या एका राज्यात सोडून दिलेल्या खाणींची सरकारी मोजदाद तेवीस हजारांच्या घरात आहे. बाहेरच्या खनिज दळायच्या लाकडी गिरण्या, दोरावरून खनिज खाली आणणाऱ्या ट्रामचे मनोरे, कामगारांच्या खोल्या बघतो आणि फोटो काढतो.

एक प्रसंग सांगतो, बातम्यांत गाजलेला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये सिल्व्हरटनजवळच्या गोल्ड किंग खाणीचं बुजलेलं तोंड सरकारी पथक यंत्र लावून तपासत होतं. आत पाणी किती दाबाने साठलंय याचा अंदाज चुकला आणि सुमारे एक कोटी दहा लाख लिटर आम्लयुक्त पाणी एकदम बाहेर आलं. अॅनिमस नदी नारिंगी झाली. तयारीनिशी गेलेल्या लोकांची ही गत. तेव्हा 'तोंड थोडं उकरून आत डोकावू' हे कधीही करू नका.

भूमिगत
मी खाण अभियंता, आता निवृत्त. नोकरीची बहुतेक वर्षं विदर्भातल्या कोळशाच्या आणि थोडी मँगनीजच्या खाणींत गेली. हा धागा वाचून गप्प बसवेना.

आधी भूगोल. रानवाट पुण्याहून निघणार आहेत, आणि पुण्याच्या आसपास अशा खाणी का नाहीत हे फार कमी जणांना ठाऊक असतं. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भाग बेसाल्टने झाकलेला आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्या थरात बॉक्साइट सोडलं तर धातूचं खनिज खोदण्यासारखं मिळत नाही, मिळते खडी. (वाघोलीच्या दगडखाणीत निळ्याजर्द कॅव्हन्साइटचे स्फटिक निघतात आणि जगभरचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात, पण ते वेगळं.) लाव्ह्याची चादर पूर्वेला नागपूर, भंडारा, चंद्रपुराकडे आणि दक्षिणेला सिंधुदुर्गाकडे संपते, आणि जुने खडक उघडे पडतात. आपल्याकडच्या कोळशाच्या आणि धातूंच्या बहुतेक खाणी म्हणून या दोन टोकांनाच.

मनसर, कांद्री, गुमगाव, डोंगरी बुजुर्ग, चिखला हा सगळा मँगनीजचा पट्टा. १८९६ पासून इंग्रजांच्या कंपनीने तो खोदायला घेतला, आज तिथे सरकारी कंपनी काम करते. म्हणजे या खाणी जुन्या आहेत, पण ओस नाहीत. लीजच्या, म्हणजे खाणपट्ट्याच्या हद्दीत फाटक असतं, पहारा असतो आणि सुरुंगाच्या वेळा असतात. परवानगी खाण व्यवस्थापकाकडे लेखी मागायची. मिळाली तर हेल्मेट, बूट घालून आणि त्यांचा माणूस सोबत घेऊनच.

आता ज्या खरोखर सोडून दिल्या आहेत त्यांच्याबद्दल.

भूमिगत खाणीत माणूस नुसता छत कोसळून मरत नाही, हवेनेही मरतो. वारा फिरवणारे पंखे बंद झाले की लाकूड कुजतं, कोळसा आणि खनिज गंजतं आणि दोन्ही ऑक्सिजन खातात. बाहेर एकवीस टक्के असतो, आत तो दहापर्यंत उतरलेला असू शकतो. वास येत नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही, कारण गुदमरल्याची जाणीव आपल्याला कार्बन डायऑक्साइडमुळे होते. नुसता ऑक्सिजन कमी असेल तर चार पावलं चालता चालता गुडघे वाकतात. मागचा त्याला उचलायला धावतो आणि तोही पडतो. जुन्या विहिरी उपसताना एकामागून एक माणसं जातात त्या बातम्या वाचता ना, तेच. कोळशाच्या खाणीत वर मिथेन. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन असला की एक ठिणगी पुरते, आणि तुमच्या हेडलॅम्पचं बटण साध्या बाजारातलं असतं.

जीपवाल्यांना मात्र खरा धोका खाणीच्या वर आहे. चंद्रपूर, वणी, माजरी, घुग्घुस या भागात जुन्या भूमिगत कामांवरची जमीन पोकळ आहे. कोळसा काढताना छताला आधार म्हणून जे खांब ठेवलेले असतात ते वर्षानुवर्षं झिजत राहतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसला एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. घर जिथे जातं तिथे दोन टनांची थार किती वेळ टिकेल? जमिनीत लांबट भेगा, गोल खळगे, मध्येच वाकलेली झाडं किंवा पावसाळ्यानंतर जमिनीतून निघणारी वाफ दिसली तर गाडी वळवा.

पाण्याने भरलेल्या उघड्या खाणी फोटोत सुंदर दिसतात, हिरवट निळं पाणी. त्यांना तळ्यासारखा उतार नसतो. काठावरून एक पाऊल टाकलं की थेट पन्नास-साठ फूट खोल. आत पडलेल्याला वर यायला पकडच मिळत नाही, आणि काठावर उभी केलेली गाडी काठासकट खाली जाऊ शकते.

चहाबाज
भूमिगत काका, यावर वेगळा धागा काढा. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

चांदा_ते_बांदा
काकांनी वाघ सांगितला नाही. चंद्रपूरच्या आसपास खाणीतून काढलेल्या मातीचे जे डोंगर आहेत त्यावर बाभूळ माजली आहे आणि त्यात वाघ-बिबटे राहतात. कामगार पाळीवर जाताना दिसतात त्यांना. ताडोब्यात पैसे भरून दिसणार नाही असा वाघ तुम्हाला मातीच्या ढिगाऱ्यावर फुकट दिसेल, आणि तुम्ही उघड्या जिप्सीत असाल.

टवाळपंत
मग लॉकिंग डिफरन्शियल कुणाकडे आहे हे वाघाला कसं कळणार?

म्हापसेकर
गोव्याची बाजू. डिचोली-साखळीच्या पट्ट्यात २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा हजारो ट्रक दारात उभे राहिले. मध्ये थोडं सुरू झालं, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. त्यामुळे तांबडे डोंगर, पायऱ्यापायऱ्यांचे खड्डे आणि त्यात साचलेलं पाणी हे दृश्य खूप ठिकाणी आहे. बाहेरगावचे जीपवाले येतात आणि आमच्या गावातल्या लोकांना ते आवडत नाही, कारण त्या ढिगाऱ्यांची माती पावसात शेतात उतरते. टायरांनी घट्ट बसलेली माती उकरली की पुढच्या पावसात कुणाचं तरी भातशेत तांबडं होतं. अबोली यांचा मुद्दा म्हणून मला पटतो.

सिंधुदुर्गात रेडीला जायचं असेल तर गणपतीला जा. खाणीच्या भागातच १९७६ मध्ये मूर्ती सापडली. एका ट्रकचालकाला दृष्टांत झाला आणि खोदल्यावर मूर्ती निघाली, असं सांगतात. दोन हातांची, मोठी मूर्ती आहे. रस्ता डांबरी आहे, हे आधीच सांगतो.

धुक्यातून
मी इंग्लंडात डर्बीच्या जवळ राहते. वर कॅलथ्रॉपचं नाव वाचून उडालेच. आमच्यापासून थोड्या अंतरावर मॅनिफोल्ड व्हॅली आहे. तिथली छोटी रेल्वे याच कॅलथ्रॉपच्या हाताखाली झाली, बार्शीसारखीच अडीच फुटी. १९०४ मध्ये सुरू झाली आणि दूध नेण्यापलीकडे फार चालली नाही, १९३४ मध्ये बंद. तीनच वर्षांत त्या मार्गाची पायवाट करून लोकांना दिली. आज तिथे सायकली आणि बाबागाड्या फिरतात. मधला एक तुकडा आणि एक बोगदा मोटारींनाही खुला आहे. म्हणजे कॅलथ्रॉपच्या भरावावरून कायदेशीर गाडी चालवायची असेल तर रानवाट, जिप्सी इकडे पाठवा.

धाराशिवचा तो मागे राहिलेला तुकडा असा सायकलमार्ग करता येणार नाही का? जमीन आहे, चढ नरम आहे, मोऱ्या बांधलेल्या आहेत.

बार्शीकर
ताई, करायला कुणाची ना आहे? पण अशा सुटलेल्या भरावाची खडी आधी जाते, मग मुरूम जातो, मग कडेचा शेतकरी दर वर्षी नांगराचं एकेक तास आत सरकतो. दहा वर्षांत गट नंबरसुद्धा सापडत नाही.

नॅरोगेज
मेळघाट कुणी काढलाच नाही म्हणून सांगतो. अकोला-खांडवा मीटरगेज (रुळांत एक मीटर अंतर) २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली. धूळघाटजवळ ती स्वतःभोवती वेढा घालून चढायची, लोक त्याला चार का आठ म्हणत. पूर्वी काचीगुड्याहून अजमेरला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस तिथूनच जायची. व्याघ्रप्रकल्पातून ब्रॉडगेज न्यायला विरोध झाला आणि आता नवी लाईन जंगलाबाहेरून वळसा घालून नेतायत, त्यामुळे आतला मार्ग कायमचाच सुटला. मला विचाराल तर देशातल्या बंद मार्गांत याच्यासारखा दुसरा नाही. पण तो वाघांच्या घरात आहे. गाडी तर सोडाच, पायीही विनापरवाना जाऊ नका, वन्यजीव कायदा रेल्वे कायद्यासारखा हजार रुपयांत सोडत नाही.

अबोली
आणि तिथे आता रूळांवर गवत वाढून हरणं चरत असतील, तर चरू दे की त्यांना.

डिझेलमामा
अबोलीताई, इथे मी तुमच्या बाजूने.

थारप्रेमी_९
मग शेवटी काय, सगळं पायीच? या धाग्याच्या शीर्षकात जिप्सी आहे.

भूमिगत
तसं नाही. गाडीचं काम पोहोचवण्याचं. ही ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत, शेवटचे चार-पाच किलोमीटर पाणंद रस्ता असतो, बस नाही, रिक्षा नाही. तिथपर्यंत जिप्सीच हवी. मुक्काम, पाणी, दोर, प्रथमोपचार सगळं तिच्यात राहतं. मी सुचवतो तो मार्ग घ्या: मनसरला खाणीच्या रीतसर परवानगीचा अर्ज आत्ताच टाका, उत्तर यायला वेळ लागतो. नाहीच मिळाली तरी शेजारी मनसरच्या टेकडीवर वाकाटकांच्या काळातलं विटांचं उत्खनन आहे, ते बघा. तुमसरहून तिरोडीला जाणारी शाखा याच खनिजासाठी टाकलेली. तिच्याकडेने रस्त्याने गेलात तर खाण आणि रेल्वे यांचं नातं डोळ्यांनी दिसेल.

आणि नागपुरात मोतीबागेचं नॅरोगेज संग्रहालय आहे, तिथे तुम्हाला हवं तितकं इंजिनावर चढता येईल. कुणी कलम लावणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा
मूर्तिजापूरले आले का मले व्यनि (खासगी निरोप) करा. सोबत येतो, बनोश्यापासून पथ्रोटपर्यंत सारे टेसनं दाखवतो. जुन्या गँगमनपैकी एक काका आहेत गावात, त्यायले बसवू पुढच्या सीटवर. गाडीत एसी नसला तरी चालते, पन ठेचा-भाकर खानारा मानूस पायजे.

रानवाट
सगळ्यांचे आभार, विशेषतः भूमिगत काका आणि नॅरोगेज यांचे. बेत असा बदलला आहे: पहिला मुक्काम बार्शी, येडशीला पायी. तिथून कारंजा-दारव्हा आणि वरती मूर्तिजापूर-अचलपूर, ठेचाभाऊंबरोबर, रस्त्याने. मग मनसर आणि तुमसर-तिरोडी. चंद्रपूरची कोळशाची बाजू या खेपेला गाळली. मनसरचा अर्ज काल पाठवला. थारवाला मित्र थोडा नाराज आहे, त्याला नाले हवे होते.

एक राहिलंच. कुर्डुवाडीत बार्शी लाईटचा जुना कारखाना होता, तिथे आज बाहेरून काही बघता येतं का?

बार्शीकर
तो रेल्वेचा चालू कारखाना आहे, आत सोडणार नाहीत. पण स्टेशनबाहेर एका टपरीवर निवृत्त फिटर मंडळींचा सकाळी सहाला अड्डा असतो. चहा तुमच्याकडून असेल तर नऊपर्यंत उठू देणार नाहीत. तारीख कळवा, मी येतो.

गावठी_मेकॅनिक
थार नाल्यात रुतली तर माझाही नंबर ठेवा. बोलेरो आहे.